टॅब वाटल्यानंतरची तीन वर्षे

शाळांना टॅब, स्मार्ट टीव्ही किंवा संगणक देण्याचे कार्यक्रम कोल्हापूर जिल्ह्यात आता नेहमीचेच झाले आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीतील एखादी कंपनी सामाजिक दायित्व निधीतून पैसे देते, संस्था शाळा निवडते, नारळ फुटतो, मुलांच्या हातात खोकी दिली जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. मी एका लहान शैक्षणिक विश्वस्त संस्थेत काम करते आणि असे कार्यक्रम जवळून पाहत आले आहे. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. डिजिटल दरी बुजवण्याच्या कामात स्वयंसेवी संस्थेच्या नेतृत्वाचा खरा कस वाटपानंतरच्या तीन वर्षांत लागतो, आणि त्या तीन वर्षांची तरतूद केल्याशिवाय वाटपाला हातच घालू नये.

दरी किती मोठी आहे याविषयी शंकेला जागा नाही. युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील ३ ते १७ वयोगटातील दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नव्हते. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात जगातील प्राथमिक शाळांपैकी जेमतेम ४० टक्के शाळा इंटरनेटने जोडलेल्या असल्याचे म्हटले आहे. टाळेबंदीच्या काळात राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या भागांतील वाड्यावस्त्यांवरची मुले रेंज मिळावी म्हणून सड्यावर जाऊन बसत होती, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

एवढी मोठी दरी दिसली की यंत्रे देण्याची घाई होते. या घाईचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’, म्हणजे प्रत्येक मुलाला एक स्वस्त लॅपटॉप देण्याची मोहीम. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये मांडलेली ही कल्पना उदात्त होती आणि ती राबवणारी संस्थाही ना-नफा तत्त्वावर चालणारी होती. पेरू देशाने या मोहिमेतून लाखो लॅपटॉप घेतले. पुढे तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुलांच्या हाती संगणक आले असले तरी गणित व भाषेच्या चाचण्यांत काहीही फरक आढळला नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि यंत्र शिकवण्यात कसे वापरायचे याची शिक्षकांची तयारी फारशी करून घेतलेली नव्हती. यंत्र बरोबर होते, पैसाही होता. पण शिक्षकाच्या पाठीशी उभे राहणारे कोणी नव्हते. आपल्याकडील प्रत्येक विश्वस्ताने हे प्रकरण मुळातून वाचावे असे मला मनापासून वाटते.

कोल्हापूरच्या माणसाला हा धडा शोधायला पेरूपर्यंत जाण्याची खरे तर गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी वसतिगृहांचे जाळे उभारायला सुरुवात केली होती. शाळा शहरात आणि मूल खेड्यात, ही त्या काळची दरी होती. ती ओलांडायची तर राहण्याची, जेवणाची आणि कोणीतरी लक्ष ठेवण्याची सोय हवी, हे त्यांनी ओळखले. जागा आणि अनुदान दिले आणि कारभार त्या त्या समाजातील मंडळींवर सोपवला. कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी विद्यार्थिदशेत हे कोल्हापूर पाहिले आणि १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांनीही वसतिगृहांवरच भर दिला. शिक्षणाची संधी देणे आणि ती मुलाच्या पदरात पडेपर्यंत सोबत राहणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. दुसरी जबाबदारी कंटाळवाणी, खर्चिक आणि छायाचित्रात न दिसणारी असते.

गगनबावड्याकडच्या एका दोनशिक्षकी शाळेत मी ही दुसरी जबाबदारी पेलली जाताना पाहिली. तेथे इंटरनेट बेभरवशाचे असल्याने ‘कोलिब्री’ ही प्रणाली वापरली जाते. लर्निंग इक्वॅलिटी या अमेरिकेतील ना-नफा संस्थेने ती खास इंटरनेट नसलेल्या ठिकाणांसाठी बनवली असून ती मोफत आहे. तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय संगणकात धडे, चित्रफिती आणि सराव प्रश्न साठवलेले असतात, त्याच्या वायफायवर वर्गातले टॅब जोडले जातात आणि कोणत्या मुलाने कोणता सराव कुठपर्यंत केला हे शिक्षकाला दिसते. पावसाळ्यात तेथे दिवसदिवस वीज नसते, म्हणून इन्व्हर्टर आहे. ओलीने टॅबच्या चार्जिंगच्या जागी गंज धरतो, म्हणून शाळेच्या बाईंनी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात कमी वॅटचा बल्ब बसवून घेतला आहे आणि वीज असेल तेव्हा तो पेटता ठेवून टॅब वरच्या कप्प्यात उभे रचले जातात. हा उपाय कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत नव्हता. तो बाईंना सुचला, कारण संस्थेचा कार्यकर्ता दर महिन्याला येत होता आणि बिघाड झाला तर कोणाला फोन करायचा हे त्यांना ठाऊक होते. संस्थेने पाठ फिरवली असती तर तेच टॅब कपाटात बंद राहिले असते.

मुलींचा प्रश्न याहून नाजूक आहे. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, मात्र फोन वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के, तर मुली सुमारे २७ टक्के आहेत. राधानगरीतील एका पालकभेटीत एक आई मला म्हणाली, “फोन पोराकडंच असतोय बाई, पोरगीला निजायच्या वक्ताला घावतोय.” दहावीतली ती मुलगी रात्री उशिरा, घरातली कामे आटोपल्यावर अभ्यासाला बसत होती. अशा घराला दुसरा फोन दिला तर तोही कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही. म्हणून टॅब शाळेतच ठेवावेत, शाळा सुटल्यावर तासभर वर्ग उघडा राहावा आणि गावातील एखाद्या शिकलेल्या सुनेला मानधन देऊन तेथे बसवावे, असा आग्रह मी धरते.

यश कशाने मोजायचे हेही नेतृत्वानेच ठरवायचे असते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने या बाबतीत मोठा आदर्श घालून दिला. माधव चव्हाण, फरीदा लांबे आणि पुढे रुक्मिणी बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचता येते का, हा साधा प्रश्न धरून ठेवला आणि त्यावर आधारलेली शिकवण्याची पद्धत पुढे झांबियासारख्या आफ्रिकी देशांनीही स्वीकारली. आमच्या देणगीदारांच्या बैठकीत मात्र पहिला प्रश्न “किती टॅब दिले?” हाच असतो.

त्यांना मी एकच गोष्ट सांगते. तुमच्या फाउंड्रीत सीएनसी मशीन आणताना ऑपरेटर, वीज आणि देखभालीचा करार यांची तरतूद आधी होते. शाळेच्या बाबतीतही तोच हिशेब लावा. कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांसाठी द्यावी लागते, ती एकाच वर्षात यंत्रांवर न संपवता तीन वर्षांच्या कामाला बांधून घ्या. हे ऐकून काही जण नाराज होतात. तरीही संस्थाचालकाने असा निधी नाकारण्याची तयारी ठेवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ऊसतोड मजुरांच्या मुलांपुढे मात्र हा सगळा हिशेब अपुरा पडतो. गळीत हंगामात बीडकडून टोळ्या येतात, कारखान्याजवळ कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या पडतात, मुले हंगामापुरत्या चालणाऱ्या साखरशाळेत किंवा जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसतात आणि हंगाम संपताच निघून जातात. त्यांनी येथे केलेल्या सरावाची नोंद येथल्याच शाळेच्या संगणकात राहते आणि गावी गेल्यावर शिक्षक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. कोलिब्रीमधील नोंदी एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेता येतात, म्हणजे तांत्रिक अडचण मोठी नाही. त्यासाठी दोन जिल्ह्यांतील संस्थांनी एकमेकींची मुले आपली मानायला हवीत. पुढच्या हंगामापूर्वी बीडमधील एखाद्या संस्थेशी असा करार व्हावा आणि टोळी परत निघण्याआधी प्रत्येक मुलाची नोंद त्याच्या गावच्या शाळेत पोहोचावी, यासाठी आमच्या विश्वस्तांसमोर मी प्रस्ताव ठेवला आहे. त्यात टॅबसाठी एक रुपयाही मागितलेला नाही. मागितला आहे तो दोन कार्यकर्त्यांचा पगार आणि त्यांचा एसटीचा खर्च.