भाचीसाठी ब्रीचेस निवडताना

परवा नांदेडहून भाचीचा मेसेज आला. एका काळ्या चकचकीत ब्रीचेसचा फोटो आणि खाली तीनच शब्द: "आत्या, हीच आण."

मार्गशीर्षात मी घरी जाणार आहे. माळेगावच्या खंडोबाची यात्रा धरूनच रजा टाकली आहे. बॅगेत कोणासाठी काय न्यायचं याची यादी दरवर्षी ठरलेली असते, पण या वर्षी पहिल्यांदा त्या यादीत घोडेस्वारीची पँट आली आणि मला खरंच भरून आलं. भाची तेरा वर्षांची आहे. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या चार घोडेस्वारांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेटक्या करून घ्यायच्या प्रकारात, सांघिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती आजोबांच्या शेजारी बसून टीव्ही बघत होती. 1982 नंतर घोडेस्वारीत भारताला मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. तिने तेव्हाच धरलेला हट्ट आता सात महिन्यांपूर्वी पुरा झाला. आठवड्यातून दोन दिवस ती शिकायला जाते.

तिला फोनवर "ही नको, ती घे" एवढंच सांगून भागलं असतं. पण तिच्याबरोबर शिकणाऱ्या दोन मुलींच्या आयांनीही हेच विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी राहते उत्तर जर्मनीत, त्सेले गावाजवळ. इथला सरकारी अश्वपैदास फार्म 1735 सालचा. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे घोड्याची गाडी लावलेली दिसली तरी कोणी वळून बघत नाही, इतकं घोडं इथे घरचं आहे. इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी मी शिकायला लागले आणि पहिल्या दिवशी जीन्स घालून गेले. आपल्याकडे यात्रेत पोरं जीन्स घालून घोडी फिरवतात, ते लहानपणापासून पाहिलेलं. जाड कापड आहे, टिकेल, असं वाटलं.

जीन्सची आतली शिवण कधी बोटाने चाचपून बघा. कापडाचे पदर एकावर एक दुमडून मारलेली ती दोरीसारखी कड मांडीपासून थेट घोट्यापर्यंत उतरते. खोगिरावर पाय जिथे टेकतो, नेमकी तिथून. घोडं दुडकीला लागलं की त्याच्या तालावर उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं, मिनिटाला कितीतरी वेळा. वीस मिनिटांनी खाली उतरले तेव्हा दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूला बोटभर रुंदीची कातडी गेलेली होती. आठवडाभर खोबरेल तेल लावून झोपले. जखमेपेक्षा वाईट गोष्ट पुढच्या तासाला कळली: दुखतं म्हणून मी नकळत गुडघे खोगिरापासून दूर धरत होते, त्याने तोल जात होता, आणि तोल सावरायला लगाम ओढला जात होता. म्हणजे माझ्या पँटच्या शिवणीचा त्रास शेवटी घोड्याच्या तोंडाला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ब्रीचेस ही मिरवायची वस्तू नाही. ती नीट असेल तर स्वार तिला विसरतो आणि घोड्याकडे लक्ष देतो.

आता त्या काळ्या फोटोकडे येऊ. ब्रीचेसचे मुख्य प्रकार दोन, आणि फरक आहे तो पकड देणाऱ्या कापडाचा, म्हणजे ठिगळासारख्या वरून लावलेल्या तुकड्याचा. एका प्रकारात तो फक्त गुडघ्याच्या आतल्या बाजूला असतो. जर्मनीत याला क्नीबेझात्स म्हणतात. दुसऱ्यात तो बैठकीपासून मांड्यांवरून गुडघ्याखालपर्यंत सलग असतो, तो फोलबेझात्स. दुकानात इंग्रजीत विचारलं तर नी-पॅच आणि फुल-सीट. पूर्वी हे तुकडे खऱ्या कातड्याचे असत. आता बहुतेक वेळा मऊ कृत्रिम कातडं असतं, नाहीतर सिलिकॉनचे ठिपके किंवा रेषा छापलेल्या असतात. भाचीने पाठवलेली काळी ब्रीचेस फुल-सीट आहे, सिलिकॉनवाली. तिच्या आवडत्या स्वारांसारखी.

त्या स्वारांना ती लागते, याला कारण आहे. ड्रेसाजमध्ये घोड्याच्या पाठीवर खोल, शांत बसायचं असतं. घोडं मोठ्या हालचालीने चालतं आणि तरी स्वाराची बैठक हलता कामा नये. तिथे सलग पकड कामी येते. अडथळ्यांवरून उड्या मारणारा स्वार मात्र वारंवार खोगिरावरून उठतो, पुढे झुकतो, त्याला बैठकीला चिकटणारं काही नको असतं. त्याची भिस्त रिकिबीवर, पोटऱ्यांवर आणि गुडघ्यावर, म्हणून त्याच्याकडे बहुधा नी-पॅच. आणि नवशिका? तो तर दुडकीत उठबस करायलाच शिकत असतो.

मी स्वतः दुसऱ्या महिन्यात फुल-सीट घेतली होती, तीही सिलिकॉनची. खोगिरावर बसले की डिंकाने चिकटवल्यासारखं वाटायचं आणि पहिले दोन दिवस मला त्याचा फार आधार वाटला. तिसऱ्या दिवशी बाईंनी, म्हणजे माझ्या शिक्षिकेने, घोडं लांब दोरीवर धरून गोल फिरवलं आणि मला रिकिबी सोडायला लावल्या. मी तिरकी बसले होते, उजवीकडे कललेली, आणि पँटने मला तशीच तिरकी धरून ठेवलं होतं. सरळ व्हायला सरकावं तर सरकता येईना. बाई म्हणाल्या, "आधी तू बसायला शीक, मग पँटला तुला धरू दे."

हे ऐकलं तेव्हा मला माझ्या आजोबांचा शब्द आठवला. मांड. घोड्यावर मांड ठोकणे, मांड पक्की असणे, हे आपण रोजच्या बोलण्यात वापरतो आणि ते कुठून आलं हे विसरतो. मांड म्हणजे मांड्यांनी आवळून धरणं नव्हे. कमरेपासून खाली सैल, वजन दोन्ही बाजूंना सारखं, आणि घोड्याची पाठ हलेल तसं हलणं. आजोबा तरुणपणी चारजामा, म्हणजे कापडी खोगीर, टाकून लोह्याच्या बाजाराला घोडीवर जायचे, अंगात धोतर, त्याचा काचा घट्ट मारलेला. पकड देणारं काही म्हणजे काही नाही. मांड होती, म्हणून भागत होतं. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिलं वर्ष-दीड वर्ष नी-पॅच, मऊ कृत्रिम कातड्याचा. ड्रेसाजकडे वळलीस तर फुल-सीट मी स्वतः घेऊन देईन.

यात्रेतली जीन्सवाली पोरं का सोलून निघत नाहीत, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता. गेल्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात उभी राहून पाहिलं तेव्हा उमगलं. तिथे बघणारे घोड्याची रेवाल चाल बघतात. मारवाडी, काठेवाडी घोड्यांची ही चाल, चारी पाय वेगवेगळे पडतात आणि पाठ जवळजवळ स्थिर राहते. एक पागोटंवाले काका तसे वाळूतून गेले, अंगात साधा पांढरा पायजमा, बैठक तसूभर उचलली नाही. जिथे उठबसच नाही तिथे घासणार काय? जर्मन घोड्याच्या दुडकीत मात्र ती पाठ दर पावलाला खालून उसळते. कपडा स्वाराच्या चवीने नाही, घोड्याच्या चालीने ठरतो. भाचीच्या क्लबात दुडकी शिकवतात, तेव्हा पायजम्यावर निभणार नाही.

आणखी एक निवड आहे, जिच्याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाहीत, पण मराठवाड्यात तीच सगळ्यात महत्त्वाची ठरेल. ब्रीचेस पोटरीशी संपते किंवा घोट्यावर घट्ट बसते, कारण तिच्यावर गुडघ्यापर्यंतचे लांब बूट घालायचे असतात. जोधपूर घोट्यापर्यंत पूर्ण येते आणि तिच्याखाली आखूड बूट चालतात. नावच सांगतं ती कुठली. जोधपूरचे सर प्रताप सिंह 1897 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाला इंग्लंडला गेले, तेव्हापासून तिकडे या पँटचं वेड लागलं. तेव्हा ती मांड्यांवर फुग्यासारखी सैल आणि गुडघ्याखाली घट्ट असे. तो फुगा शोभेसाठी नव्हता. ताणलं न जाणारं कापड मांड टाकून बसताना अडू नये म्हणून ती जागा ठेवलेली होती. 1958 साली इलास्टेनचा, म्हणजे आपण लायक्रा म्हणतो त्या धाग्याचा, शोध लागला आणि पुढे ताणणारी कापडं आली तशी फुग्याची गरज संपली.

मे महिन्यात नांदेडला पारा 42 च्या वर जातो. त्यात गुडघ्यापर्यंत कातडी बूट घालून तासभर पोरीने घोडं फिरवावं, हे मला पटत नाही. आखूड बूट, वर जोधपूर किंवा घोट्यापर्यंतची ब्रीचेस, आणि पोटरीवर बांधायचे सुटे चॅप्स, जे उतरल्या उतरल्या काढून टाकता येतात. सिलिकॉनला माझा दुसरा आक्षेपही इथलाच: त्याच्याखाली हवा खेळत नाही, घाम साचतो. जर्मनीच्या 25 अंशांतही मला जाणवतं.

वहिनीने विचारलं, एवढे युरो घालवण्यापेक्षा आपल्या शिंप्याकडून शिवून घेता येणार नाही का? इथे बरी ब्रीचेस 50 युरोपासून सुरू होते आणि 200 च्या पुढेही जाते, तेव्हा प्रश्न रास्त आहे. गेल्या खेपेला मी माझी जुनी ब्रीचेस घेऊन नांदेडच्या वजिराबादेत आमच्या ठरलेल्या शिंपीकाकांकडे गेले होते. त्यांनी ती उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि आसनापासून बोट फिरवत खाली आले. आसनाला जोड होता, मांडीला नाममात्र, आणि गुडघ्याच्या आत बोट नुसतं घसरलं. "हितं शिलाईच न्हाई की ओ ताई. बाहेरच्या अंगाला नेली बघा." मग दोन्ही हातांनी कापड आडवं ताणलं, उभं ताणलं, सोडलं. ते जसंच्या तसं परत आलं. काकांनी मान डोलावली. त्यांच्याकडे तसं चारी बाजूंनी ताणणारं कापडही नव्हतं आणि चपटी शिवण मारणारं मशीनही नव्हतं. "साध्या मशीनवर मारली तर टोचंल," म्हणाले, आणि काम घेतलं नाही. पैसे मिळत असताना नाही म्हणणारा कारागीर. माझा त्यांच्यावरचा विश्वास आणखी वाढला. दुकानात ब्रीचेस बघताना तुम्हीही तेच करा. उलटी करा, गुडघ्याच्या आत बोट फिरवा. जाड जोड लागला तर ठेवून द्या, मग तिच्यावर कोणतंही नाव असो.

रंगाचं फार डोकं खाऊ नका. पांढरी स्पर्धेसाठी. आपल्या काळ्या मातीत रोजच्या सरावाला ती टिकणार नाही. गडद निळी किंवा तपकिरी घ्या. धुताना उलटी करून, कोमट पाण्यात, सुगंधी कंडिशनर न घालता, आणि सावलीत वाळवा. आणि पैसे एकाच गोष्टीवर घालता येत असतील तर ते हेल्मेटवर घाला. ब्रीचेस त्यानंतर.

राहता राहिली साइज. इथे बायकांच्या ब्रीचेसचे आकडे बघून मी पहिल्यांदा गोंधळले होते. नेहमीचा आकडा 38. उंच बाईसाठी त्याची दुप्पट, 76. बुटक्या बाईसाठी निम्मा, 19. कंबर तीच, पायाची लांबी वेगळी. मुलांचं सोपं आहे, त्यांची साइज उंचीच्या सेंटिमीटरवर: 146, 152, 158, 164. पण आकड्यावर विसंबू नका. इथल्या चांगल्या दुकानात लाकडी घोडीवर खोगीर मांडून ठेवलेलं असतं. पँट घालून त्यावर बसायचं, गुडघे वाकवायचे, अर्धं उठायचं, बसायचं. आरशासमोर उभं राहून छान दिसणारी ब्रीचेस बसल्यावर मागून खाली ओढली जाते किंवा गुडघ्याचा तुकडा जागा सोडतो. उभं राहून घेतलेली ब्रीचेस उभं राहण्यापुरतीच.

नांदेडमध्ये लाकडी घोडी कुठून आणणार? म्हणून काल रात्री व्हिडिओ कॉल लावला. भाचीच्या मैत्रिणीची 152 साइजची ब्रीचेस मागून आणली होती, नी-पॅचवाली. दिवाणावरचे दोन लोड एकावर एक ठेवून साडीने बांधले, त्यावर गोधडी टाकली, आणि ती दोन्हीकडे पाय सोडून बसली. वहिनीने फोन तिच्या गुडघ्याजवळ धरला.

"आता ऊठ. बस. ऊठ. बस."

दहा वेळा झाल्यावर मी थांबवलं आणि तुकडा कुठे आहे ते विचारलं. तिने वाकून बघितलं.

"वर सरकलाय गं आत्या. गुडघा उघडाच पडला."

"किती?"

तिने बोटं लावून मोजलं. "तीन बोटं."

158 घेतली आहे. गडद निळी.