आमची वाटचाल : होडीच्या कामापासून लाकडी कयाकपर्यंत

वेंगुर्ल्यात आमच्याकडे होड्या दुरुस्तीचं काम बाबांपासून चालत आलंय. पुढे मच्छीमार फायबरकडे वळले, लाकडाचं काम आटत गेलं, मग मी फायबरचं काम शिकून घेतलं. लाकूड आणि रेझिन दोन्ही हातात होतं म्हणून सी कयाकचा, म्हणजे समुद्रात वल्हवायच्या लांब अरुंद होडीचा प्लॅन पहिल्यांदा बघितला तेव्हाच वाटलं, हे आपल्या मांगरात होऊ शकतं.

पद्धत शिवायची आणि चिकटवायची, १९६३ साली इंग्लंडात मिरर डिंगी ही छोटी शिडाची होडी निघाली ती अशीच. प्लायच्या पट्ट्या कापायच्या, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायच्या, सांध्यात इपॉक्सी (हार्डनर मिसळला की घट्ट होणारं रेझिन) आणि लाकडाच्या पिठाचा लगदा भरायचा, तो धरला की तारा काढायच्या आणि वरून फायबरचं कापड चढवायचं. २०२५ ला कारवारला नौदलात कौंडिण्य हे जुन्या पद्धतीने शिवलेलं शिडाचं जहाज दाखल झालं तेव्हापासून लोक विचारतात तुमची पण तशीच शिवलेली का? तर नाही, तिथे काथ्याची शिवणच फळ्या धरून ठेवते, आमची शिवण फक्त इपॉक्सी धरेपर्यंत.

१७ फुटी बोटीला ८ फुटी शीट पुरत नाही, म्हणून दोन शीटच्या कडा उतरत्या तासून एकमेकांवर चिकटवून जोड द्यावा लागतो, ४ मिमी प्लायला ३२ मिमी उतार, म्हणजे जाडीच्या आठपट. घरी बोट बांधायला आम्ही कापलेल्या भागांचं किट विकतो, त्यात हा उतार आधीच करून देतो, कारण घरी रंधा मारून तो सरळ येणं नवख्या माणसाला खरंच कठीण आहे. प्लायचं म्हणाल तर आपल्याकडचा आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय मजबूत असतो पण गर्जनच्या लाकडाचा घेतला तर जड, ओकूमे लाकडाचा हलका पण बाहेरून येतो आणि महाग पडतो. रोज बोट एकट्याने उचलून गाडीवर चढवणार असाल तर ओकूमेच घ्या असं मी सांगतो.

सगळ्यात जास्त वेळ कारागीर तयार करण्यात गेला. आपली फायबरची पोरं पॉलिएस्टर रेझिनवर तयार झालेली, त्यात हार्डनर थोडा वाढवला की लवकर धरतं हे हातात बसलेलं असतं, पण इपॉक्सीत तसं अजिबात चालत नाही, प्रमाण हललं की ते चिकटच राहतं, कितीही दिवस उन्हात ठेवा. म्हणून आमच्याकडे सगळं वजनकाट्यावर. पावसाळ्यात दमट हवेने वर तेलकट थर येतो, तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात लागत नाही, त्यामुळे पावसात प्लाय कापायचं आणि चिकटवायचं काम दिवाळीनंतर.

आता पुण्या-मुंबईकडे किट जातात, लोक सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोट बांधतात आणि फोटो पाठवतात, ते बघायला फार आवडतं. रिसॉर्टवाल्यांना मात्र प्लास्टिकचीच घ्या म्हणतो, खडकावर रोज आपटायला तीच बरी.

वजन वाचवायला बल्कहेड, म्हणजे आतले कप्पे बंद करणाऱ्या आडव्या भिंती, काढून किट द्या असं कोणी कोणी मागतं, ते आम्ही देत नाही. बोट उलटून पाणी भरलं तर पुढच्या-मागच्या बंद कप्प्यातली हवाच तिला तरंगत ठेवते.