होयचे बहुमत

डिसेंबरातल्या दुपारी नागपुरात गच्चीवर ऊन खात बसण्यासारखे सुख नाही, आणि अधिवेशन सुरू असेल तर त्या सुखात विधानसभेच्या थेट प्रक्षेपणाची भर घालण्याची मला जुनी खोड आहे. लक्षवेधी आणि गदारोळ पाहणारे पुष्कळ असतात. मी मात्र थांबते ती उशिरापर्यंत, म्हणजे सभागृह निम्मे रिकामे होऊन अध्यक्षांच्या जागी तालिका अध्यक्ष आसनावर बसतात आणि विधेयके एकामागून एक पुढे सरकू लागतात तोपर्यंत. परवा अशाच एका विधेयकाचे तिसरे, म्हणजे शेवटचे वाचन सुरू झाले आणि मी संत्र्याची एक फोड सोलून, बी काढून तोंडात टाकेपर्यंत ते संपलेही. मंत्री उठले, विधेयक संमत करण्यात यावे असे म्हणाले आणि बसले. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, असे आसनावरून विचारले गेले, खालून काहीतरी पुटपुटल्याचा आवाज आला, आणि होयचे बहुमत ठरले.

छपाई सर्रास नव्हती आणि विधेयकाची प्रत सर्वांच्या हाती पडत नव्हती, तेव्हा इंग्लंडच्या संसदेत कारकून उभा राहून ते मोठ्याने वाचून दाखवीत असे, आणि ही तीन वाचने तिथून आपल्याकडे आली. आता कोणी वाचत नाही. छापील प्रती सदस्यांकडे असतात. त्या उघडल्या गेल्या की नाहीत, हे कॅमेऱ्यातून दिसत नाही.

खरे काम आधीच्या, म्हणजे दुसऱ्या वाचनाच्या टप्प्यावर होते, निदान व्हावे अशी अपेक्षा असते. विधेयक विचारात घ्यावे की नाही यावर तत्त्वाची चर्चा होते आणि मग खंडशः, म्हणजे एकेक कलम घेऊन विचार सुरू होतो. हा खंडशः विचार मला मनापासून आवडतो, कारण तो खंड दोनपासून सुरू होतो. खंड एक, म्हणजे ज्यात कायद्याचे संक्षिप्त नाव असते तो, तसेच पूर्ण नाव आणि प्रस्तावना हे सारे शेवटी घेतले जाते. मधल्या खंडांत दुरुस्त्या होऊन विधेयकाचे रूपच पालटले तर त्याला कोणते नाव शोभेल हे आधी कसे सांगणार, असा त्यामागचा सरळ विचार आहे, आणि राज्यकारभारात इतका शहाणपणा मला फार ठिकाणी आढळलेला नाही. तिसऱ्या टप्प्यावर मात्र हात बांधलेले असतात. शाब्दिक, औपचारिक किंवा आधीच्या दुरुस्त्यांमुळे ओघानेच करावे लागणारे बदल तेवढे चालतात, आणि बोलायचे ते संपूर्ण विधेयकाच्या बाजूने किंवा विरोधात. खंड चारमधील दंडाची रक्कम जास्त आहे, हे ज्याला तेव्हा सुचते, त्याची वेळ टळलेली असते. सत्यनारायणाच्या पाचव्या अध्यायाला जशी सर्वांची नजर शिऱ्याच्या पातेल्याकडे लागते, तसा सभागृहाचा जीव तोवर पुढच्या कामकाजाकडे लागलेला असतो.

ही खोड मला लागली ती मोठ्या मामांमुळे. ते विधानमंडळात प्रतिवेदक होते, म्हणजे सभागृहात जे बोलले जाईल ते लघुलिपीत पाळीपाळीने टिपून घेणाऱ्यांपैकी एक. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला वर्षातून एका अधिवेशनाचा शब्द मिळाला, १९६० पासून विधानमंडळ इथे येऊ लागले, आणि त्या ऐतिहासिक घडामोडीचा आमच्या धंतोलीच्या घरापुरता अर्थ असा की, थंडी पडली की मामा येत. सरकारी मुक्कामाची सोय असूनही ते आमच्याकडेच राहत, कारण आईच्या हातचे वांग्याचे भरीत सरकारी सोयीत मिळत नसे. रात्री पंगतीत ते अध्यक्ष होत. "प्रस्ताव असा आहे की, उरलेल्या पुरणपोळ्या आजच संपविण्यात याव्यात. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे," असे ते धीरगंभीर आवाजात म्हणत आणि आम्ही मुले घर डोक्यावर घेत असू. प्रतिकूल अशी एकटी आजी असे, कारण दुसऱ्या दिवशी कोणाकडे तरी डबा पाठवायचा असे. तिचे "नाही" आमच्या आरड्यात बुडून जाई.

"होयचे बहुमत आहे, प्रस्ताव संमत झाला," असे मामा जाहीर करीत.

"अहो, पण मोजले तरी का तुम्ही?" आजी विचारी.

"आजी, तुम्ही मागणी केली असती तर मोजले असते."

आजीने ती मागणी कधी केली नाही. ती सरळ उठून दोन पोळ्या फडताळात ठेवून येई, आणि त्या अधिकाराविरुद्ध घटनेत तरतूद नाही. मी जरा मोठी झाल्यावर मामांना एकदा विचारले होते की, सभागृहात "नाही" कोण म्हणाले हे तुम्ही लिहिता का. ते म्हणाले, "सगळे एकदम बोलतात, त्यात कोणाचे म्हणून लिहू? प्रस्ताव मताला टाकला आणि संमत झाला, एवढेच लिहायचे." तेव्हा मला ते पटले होते. आता पटत नाही.

कारण हिशेब करून पाहावा. विधानसभेचे सदस्य २८८. गणसंख्या, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे २९. निर्णय उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो, तेव्हा कागदोपत्री पाहता बारा कोटींच्या राज्याचा कायदा पंधरा जणांच्या होकाराने संमत होऊ शकतो, आणि ते पंधरा कोण हे नातवंडांना शोधूनही सापडणार नाही. गणसंख्येकडे कोणी बोट दाखवले नाही तर पंधराही लागत नाहीत.

ही नुसती कुरकुर नाही, कारण त्या पुटपुटीचे वजन फार असते. जादूटोणाविरोधी विधेयकाचे आधीचे रूप २००५ च्या हिवाळी अधिवेशनात विधानसभेने इथेच संमत केले होते. विधान परिषदेत ते अडकले, आणि २००९ मध्ये विधानसभेची मुदत संपली तेव्हा तेही संपले, कारण विधानसभा विसर्जित झाली की परिषदेत पडून राहिलेली अशी विधेयके आपोआप व्यपगत होतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, लगेच अध्यादेश निघाला, आणि त्याच डिसेंबरात नागपुरात १३ तारखेला विधानसभेने आणि १८ तारखेला विधान परिषदेने नवे विधेयक संमत केले. इतकी वर्षे जे जमले नव्हते ते दोन्ही सभागृहांत मिळून एका आठवड्याच्या आत झाले. त्या दिवसांचे कामकाज मी वर्तमानपत्रात वाचले आणि पहिल्यांदाच मला तिसऱ्या वाचनाच्या झटपटपणाची चीड आली. तो झटपटपणा आधी का सुचला नाही, याची.

विधानसभेने होय म्हटले म्हणजे कायदा झाला, असेही नसते. विधेयक ७८ सदस्यांच्या परिषदेत जाते. परिषद ते तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा संमत केले तर आणखी एक महिना अडवू शकते. त्यापलीकडे तिचे चालत नाही. धन विधेयकावर तर तिला अवघे चौदा दिवस मिळतात. मग राज्यपालांची अनुमती आणि काही विधेयकांना थेट राष्ट्रपतींची. रोजगार हमीचा कायदा घ्या. त्याच्या नावात साल १९७७ आहे, क्रमांक १९७८ चा विसावा आहे, आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाला कामाचा हक्क देणारा हा कायदा अशी तीन साले बाळगून आहे.

नावे नोंदवणे सभागृहाला जमत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला, तेव्हा मतविभाजनाच्या, म्हणजे मते प्रत्यक्ष मोजण्याच्या मागणीवरून केवढा गदारोळ झाला होता. पुढे ४ जुलै २०२२ रोजी त्याच सभागृहात शिरगणती झाली, एकेक सदस्य उभा राहिला, आणि १६४ विरुद्ध ९९ हा आकडा शाळकरी मुलांनाही पाठ झाला. सरकार राहणार की जाणार हा प्रश्न असला की डोकी मोजली जातात. शेतजमीन, भाडेकरू, विद्यापीठ किंवा बाजार समिती यांचा प्रश्न असला की आवाज पुरतो. मामांना हे सांगितले असते तर त्यांनी आजीला दिलेले उत्तरच मलाही दिले असते, आणि नियमाने ते बरोबरच आहे. आसनावरून दिलेल्या निर्णयाला एका सदस्याने उभे राहून हरकत घ्यायची असते, म्हणजे मतविभाजनाचा प्रश्न निदान उभा तरी राहतो. सहसा कोणी उठत नाही.