लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम: आधी भिंती वाचा, मग डायनासोर

लंडनच्या या संग्रहालयात मुलांना घेऊन गेलेली मंडळी सरळ डायनासोरकडे धावतात. माझा आग्रह आहे की आत शिरण्याआधी क्रॉमवेल रोडच्या फुटपाथवरून इमारत नीट पाहा. अख्खी दर्शनी बाजू टेराकोटाची, म्हणजे साच्यात घालून भाजलेल्या मातीची. तेव्हाच्या लंडनच्या हवेत कोळशाची काजळी इतकी, की धुऊन साफ करता येईल अशी भिंत हवीच होती. आराखडा आल्फ्रेड वॉटरहाउस यांचा. काम १८७३ साली सुरू झालं, दारं १८८१ साली उघडली.

आता भिंतींवर घडवलेले प्राणी बघा. डाव्या, पश्चिमेच्या अंगाला आज जिवंत असलेल्या जाती, उजवीकडे नामशेष झालेल्या. ही वाटणी संग्रहालयासाठी झटलेले प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांची. डायनासोरांना १८४२ साली नाव देणारे तेच, आणि उत्क्रांतिवाद मांडणाऱ्या डार्विनचे कट्टर विरोधक. होते ते वेगळे आणि आहेत ते वेगळे, हे त्यांचं म्हणणं भिंतीतच भाजून बसवलंय! आज मात्र डायनासोरचं दालन पश्चिमेला आहे आणि पक्ष्यांचं पूर्वेला. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, हे आठवलं की ही अदलाबदल पाहून मला फार आनंद होतो. मधल्या जिन्यावर बसलाय तो डार्विनचा पुतळा. १९२७ साली त्याला हटवून तिथे ओवेन आले. २००८ साली डार्विन परतला.

मोठ्या दालनात २५ मीटर लांबीचा निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय. तो पाहून झाला की कमानींवर चढणारी माकडं शोधा. छतावर रंगवलेल्या वनस्पती वरच्या मजल्यावरून छान दिसतात. छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या.

कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही, पण संकेतस्थळावर वेळ आधी राखून ठेवा. साउथ केन्सिंग्टन स्टेशनवरून भुयारी वाटेने येता येतं, पावसात ते बरं. शाळांच्या सुट्ट्या टाळा आणि सकाळी दहाला, उघडतानाच, पोहोचा. मुख्य दाराला रांग मोठी असेल तर एक्झिबिशन रोडचं दार बघा; गुडघे दुखणारे आईबाबा सोबत असतील तर तेच सोयीचं, तिथे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. फक्त नंतर त्यांना समोरच्या बागेत नक्की आणा, कारण भिंतीवरचे प्राणी तिथूनच दिसतात.