तुम्ही विचारलंत म्हणून: गाड्या बंद केल्या तर म्हाताऱ्यांनी स्टेशन गाठायचे कसे?

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे आणि ठाण्यात राहतो. स्टेशनच्या पश्चिमेकडील चौकातून खासगी मोटारी बाहेर काढाव्यात, असे मी म्हटले की हा प्रश्न येतोच. विचारणारे बहुतेक चाळिशीतले असतात. तरीही प्रश्न खोटा नाही.

वडिलांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांना पुण्याच्या गाडीत बसवून देण्यासाठी मी मोटार काढली. शेवटच्या दोन-तीनशे मीटरला वीस मिनिटे लागली आणि अखेर रिक्षांच्या दोन रांगांमधल्या फटीत त्यांना उतरवावे लागले. म्हणजे मोटारींना आज मोकळीक असतानाही मोटार म्हाताऱ्या माणसाला दारापर्यंत नेत नाहीच. ज्यांना खरोखर कोणाला सोडायचे असते, ते अडकतात केवळ पलीकडे जाण्यासाठी इथून वाट काढणाऱ्यांच्या आणि कोणाची तरी वाट पाहत इंजिन चालू ठेवून थांबलेल्यांच्या मागे.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली, तेव्हा हे गाव आधीपासूनच वसलेले होते. जांभळी नाक्याकडच्या बाजारपेठेचे रस्ते मोटारींसाठी आखलेलेच नव्हते. जागा अपुरी म्हणून पुढे सॅटिसचा, म्हणजे स्टेशन परिसर वाहतूक सुधारणा योजनेचा, उन्नत मार्ग बांधला गेला. बस वर गेल्या, रिक्षा खाली राहिल्या आणि रेल्वेचे पादचारी पूल त्या वरच्या पातळीला जोडले गेले. फलाटावरून थेट बसपाशी जाणाऱ्याची यात मोठी सोय झाली, हे मान्यच करायला हवे. पण ज्याला रस्त्यावरून पायी यायचे आहे, त्याच्या वाट्याला खांबांमधली अंधारी जागा आली किंवा जिना आला. गुडघे दुखणाऱ्याच्या दृष्टीने जमीन हाच सर्वांत सोपा मजला असतो, आणि तोच आपण चाकांना देऊन बसलो.

आता हिशेब पाहा. उभ्या मोटारीला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते. सकाळी लावून रात्री नेली, तर ती जागा दिवसभरात एकाच घराच्या उपयोगी पडते. तेवढ्याच जागेत दोन मिनिटांत माणूस उतरवून निघून जाण्याचा नियम खरोखर पाळला गेला, तर तासाला तीस मोटारी येऊन जातील. अशा सहा जागा ज्येष्ठ, आजारी आणि अपंग प्रवाशांसाठी राखाव्यात आणि तिथे माणूस नेमावा, कारण आपल्याकडे नुसत्या फलकाला कोणी जुमानत नाही. बाकीच्या मोटारींनी दूर थांबावे. गावदेवी मैदानाखाली वाहनतळ झालेलाच आहे.

रिक्षा मात्र मी हटवणार नाही. मोटार नसलेल्या म्हाताऱ्यांची तीच गाडी आहे. शेअर रिक्षांची रांग आणि मीटर रिक्षांची रांग वेगळी हवी; आज शेअरवाला चौथी सीट भरेपर्यंत मीटरवाल्याची वाट अडवून उभा असतो. रिक्षातून उतरल्यापासून तिकीट खिडकीपर्यंत कुठेही पायरी नसावी. जिथे वाहनाची वाट ओलांडायची, तिथे रस्ताच पदपथाच्या उंचीला आणावा, म्हणजे माणसाने खाली उतरण्याऐवजी चाक वर चढेल. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी. स्टेशनच्या तोंडाशी मला तीही अपुरी वाटते. आणि दर पन्नास पावलांवर पाठ टेकता येईल असे बाकडे हवे. नकाशातून सर्वांत आधी तेच खोडले जाते, हा माझा अनुभव.

फेरीवाल्यांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने 2017 साली स्थानकापासून दीडशे मीटरची मर्यादा घातली, त्यामुळे त्यांची सोय त्या रेषेपलीकडे, पण येण्याजाण्याच्या वाटेवरच करावी लागेल. खरी अडचण येईल ती दुकानांच्या मालाची. टेम्पो सकाळी आठच्या आत येऊन रिकामे व्हावेत, याला व्यापारी सहज तयार होणार नाहीत, आणि त्यांची मनधरणी करायला हा सगळा आराखडा काढण्यापेक्षा जास्त वेळ लागेल.