घारापुरीला जायचं तर पंचमी-षष्ठीला

मुंबई बंदरातल्या घारापुरी बेटाच्या धक्क्याला लाँच लागली की सगळे एकदम उठतात आणि लेण्यांकडे सुटतात. धक्क्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला चिखल कोणी बघत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

चिखल दिसायला ओहोटी हवी आणि तिथेच पंचाईत आहे. कोळ्यांचं गणित सोपं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत जास्त उतरतं, पण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. तेव्हा गेटवेहून लाँच कुठली? दुपारी बाराला पोचलात तर तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळवनातली झाडं, गळ्यापर्यंत बुडालेली. अष्टमीला ओहोटी बाराला येते, वेळ सोयीची, पण तो भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, कमी चढउताराची भरती-ओहोटी. पाणी धड हटतच नाही. म्हणून पंचमी-षष्ठी, पक्ष कुठलाही चालेल. पंचमीची भरती पावणेचारला, ओहोटी पावणेदहा-दहाला. नऊच्या सुमाराची लाँच धरली तर तासाभरात बरोबर वेळेवर पोचता. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं पंचांगाबरोबर बघून घ्या.

आता चिखल. तिवराभोवती पेन्सिली रोवाव्यात तशी वीतभर उंचीची मुळं वर आलेली असतात, एकेका झाडाची हजारो. चिखलात हवा नसते, म्हणून मूळ उलटं वर वाढतं. त्याच्या सालीवर बारीक छिद्रं असतात. भरतीत ती पाण्याखाली जातात, आतला प्राणवायू वापरला जाऊन दाब कमी होतो आणि पाणी उतरलं की बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. चिपी हे कांदळवनातलंच दुसरं झाड. तिची मुळं जाड आणि टोकाकडे निमुळती, तिवराची बारीक. लांबून ओळखायची खूण हीच. चिपीची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली केसरांचा सडा असतो. पांढरी चिपी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे, पण धक्क्यावर तसं सांगणारी पाटी असावी ही अपेक्षा जरा जास्तच.

तिवराचं पान उलटं करून बघा: खालून पांढुरकं. उन्हाळ्यात वरच्या बाजूला जीभ लावली तर खारट लागतं, कारण जास्तीचं मीठ झाड पानातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. पावसाळ्यात ते धुऊन जातं, तेव्हा चव शोधू नका. तसंही पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचचा भरवसा नसतो.

एवढा गाळ इथे का, तर मुंबई आडवी आहे म्हणून. पश्चिमेच्या लाटा मलबार हिल आणि कुलाब्याच्या खडकांवर आपटतात. आत बंदरात पाणी संथ, खाड्यांचा गाळ खाली बसतो, त्यात तिवर रुजतं. बेटाचा गाभा मात्र काळा कातळ, दख्खनच्या लाव्हाचाच: दोन टेकड्या आणि मधली अरुंद खिंड. वरच्या उतारांवर आंबा, चिंच, करंज आणि मधूनमधून ताड. लेण्यांबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. पायऱ्यांवर माकडं हातातली बाटली नेतात, इतकंच.

2010 च्या ऑगस्टमध्ये बंदराच्या तोंडाशी दोन जहाजं धडकून तेल सांडलं, ते इथल्या तिवरांपर्यंत पोचलं. तेलाचा थर मुळांच्या छिद्रांवर बसला की झाड गुदमरतं. प्लॅस्टिकच्या पिशव्या रोज तेच करतात, फक्त सावकाश, आणि त्यांची बातमी होत नाही. त्यातून सफाईच्या उत्साहात फोटोसाठी चिखलात उतरणारे जथे मुळं तुडवून मोडतात, ते वेगळंच. पिशव्या काढायच्याच असतील तर काठावर उभं राहून लांब आकडीने ओढा. मुळाला वेढा बसला असेल तर खेचू नका, कापा.