त्याला घातली, मग आमच्या पोरीला का नाही?

बाळाच्या पहिल्या आंघोळीवरून बोलणं झालं नाही असा दिवस आमच्या वॉर्डात क्वचितच जातो. नातेवाइकांना ती लगेच हवी असते, आम्हाला ती उद्या हवी असते, आणि बाळाला विचारलंच तर ती कधीच नको असते. मी काय सांगायचं हे मला आता इतकं पाठ आहे की रात्रपाळीत अर्धवट झोपेतही न अडखळता म्हणेन. त्या दिवशी मात्र पाठांतर कामाला आलं नाही. खरं कारण माहीत होतं, पण ते तोंडातून काढायची मुभा नव्हती.

शेजारशेजारच्या दोन खाटा. दोघीही पहाटे बाळंत झालेल्या. एकीला मुलगी, सदतीस आठवड्यांची, वजन २.६ किलो. दुसरीला मुलगा, पूर्ण दिवसांचा, चांगला दणकट. मुलीजवळ तिची आजी बसली होती, आईची आई. मी सकाळची ड्यूटी घेतली तेव्हाच त्यांनी मला गाठलं.

"सिस्टर, पोरीला अजून तशीच ठेवलीय? मानेत, काखेत बघा, सगळं पांढरं चिकटलंय."

पोरीच्या अंगावर ते होतंच भरपूर. थोडं आधी जन्मलेल्या बाळांच्या अंगावर ते जास्त दिसतं. दिवस उलटून गेलेल्या बाळाच्या अंगावर जवळपास नसतंच. त्याला व्हर्निक्स म्हणतात. त्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी, उरलेल्यात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं, आणि त्या प्रथिनांमध्ये लायसोझाइम, लॅक्टोफेरिन अशी जंतूंना रोखणारीही असतात. रक्त किंवा शी लागली असेल तर आम्ही जन्मतःच कोरड्या कापडाने पुसून घेतो, व्हर्निक्स मात्र राहू देतो. एक-दोन दिवसांत ते आपोआप कातडीत जिरतं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, पहिली आंघोळ २४ तासांनंतर घाला. घरच्यांच्या रीतीमुळे तेवढं थांबणं शक्य नसेल तर किमान सहा तास तरी जाऊ द्या, असं त्यांनी २०१३ मध्ये सांगितलं होतं. हे सगळं मी आजींना सोप्या शब्दांत सांगितलं. ही घाण नाही एवढं त्यांना पटलं. उद्यापर्यंत थांबायचं हे निम्मंच पटलं, पण निम्मं पटलं तरी मला पुरतं.

तासाभरात शेजारच्या मुलाला आंघोळ घालायची होती.

वॉर्डच्या कोपऱ्यात आमचं बेसिन आहे. मुलाचं तापमान ३६.९ अंश सेल्सिअस, श्वास नीट, रंग छान. दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, टॉवेल आणि दुपटं वॉर्मरखाली तापत ठेवलं. पाण्यात कोपर बुडवून बघितलं आणि थर्मामीटरनेही बघितलं, ३७ ते ३८ च्या मधलं. हातमोजे घालून आधी अंग धुतलं, डोकं अगदी शेवटी. बाळाच्या शरीराच्या मानाने डोकं मोठं असतं आणि ते ओलं राहिलं की बरीच ऊब तिथूनच निघून जाते. मग टिपून कोरडं केलं, टोपी घातली आणि थेट आईच्या छातीवर ठेवलं. पाच-सात मिनिटांचं काम, पण घाईने करायचं नाही.

मागे वळले तर आजी उभ्या.

"मघाशी मला काय सांगितलंत? चोवीस तास ना?"

काही बाळांना थांबवून चालत नाही. आईला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असेल, तर बाळ स्थिर झालं की त्याच्या अंगावरचं आईचं रक्त लवकर धुऊन काढण्याची पद्धत बऱ्याच रुग्णालयांत आहे. जंतू त्वचेवर असताना सुई टोचली तर ते आत जाऊ शकतात, म्हणून इंजेक्शनआधी निदान ती जागा तरी स्वच्छ करावीच लागते. आणि इंजेक्शनं फार लांबवता येत नाहीत. हिपॅटायटिस बी असेल तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) पहिल्या बारा तासांत जायला हवं. आणखीही एक-दोन कारणं असू शकतात. त्या आईचं यातलं कोणतं होतं, की वेगळंच काही, ते मी इथेही लिहिणार नाही. ते तिच्या फाइलमध्ये आहे.

आजींना म्हणाले, "प्रत्येक बाळाचं वेगळं असतं. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय." वाक्य शंभर टक्के खरं, आणि ऐकणाऱ्याला शंभर टक्के खोटं वाटणारं.

"म्हणजे वशिला लागतो तर," आजी म्हणाल्या, आणि सरळ त्या आईकडेच वळल्या. "काय गं पोरी, तुझ्या बाळाला बरी घातली आंघोळ?"

माझा हात ट्रेवरच राहिला. मध्ये पडावं तर संशय आणखी वाढणार. ती मुलगी विशीतली असेल. माझ्याकडे न बघता, बाळाची टोपी सारखी करत ती म्हणाली, "मीच मागे लागले होते, आजी. ऐकतच नव्हत्या. शेवटी रडले, तेव्हा घातली."

"बघा!" आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या.

नाही म्हणावं तर तिचं झाकलेलं उघडं पडतं. हो म्हणावं तर मी रडण्याला बधणारी सिस्टर ठरते, आणि सकाळपासूनचं माझं सगळं बोलणं मोडीत निघतं. "हो, फारच मागे लागल्या होत्या," मी म्हणाले. आजींनी पलीकडे जाऊन लेकीला काय सांगितलं ते मला स्पष्ट ऐकू आलं: "तू पण रड."

लेक काही रडली नाही. पण मी दुसऱ्या खोलीतून परत आले तोवर आजींनी ओल्या फडक्याने नातीचं डोकं, मान, छाती पुसून काढली होती. आंघोळ नव्हे, फक्त पुसलं, असं त्यांचं म्हणणं. खरं तर नुसतं ओलं पुसणं कधीकधी टबातल्या आंघोळीपेक्षा वाईट, कारण तेवढा वेळ ओलं अंग हवेवर उघडं राहतं. मी त्यांच्यासमोरच काखेत थर्मामीटर लावला. सकाळी ३६.७ होतं, आता ३६.३. नवजात बाळाचं ३६.५ ते ३७.५ असायला हवं. तळपाय गार, आणि तोंडापाशी धरलं तरी दूध ओढायचा कंटाळा.

आकडा बघून आजी गप्प झाल्या. त्यांना रागवण्यात अर्थ नव्हता. त्यांनीच विचारलं, "एवढ्याशा पुसण्याने?" मोठी माणसं गारठली की कुडकुडतात आणि त्यातून ऊब तयार होते. नवजात बाळाला कुडकुडणं जमत नाही. खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबीचा छोटा साठा असतो, तो जाळून ते अंग गरम ठेवतं. त्यासाठी साखर आणि प्राणवायू दोन्ही खर्च होतात. मग साखर उतरते, बाळ सुस्तावतं, सुस्तावलं की पीत नाही, आणि प्यायलं नाही की साखर आणखी उतरते. हे चक्र सुरू होऊ नये म्हणूनच तर थांबायचं.

ओलं दुपटं काढलं, पोरीला कोरडी केली, टोपी घातली आणि आईच्या उघड्या छातीवर पालथी ठेवली. वरून दोन कोरडी पांघरुणं घातली. ती धरून बसायचं काम आजींना दिलं, आणि त्या खरोखर हलल्या नाहीत. तासाभराने ३६.८. त्याच्याही आधी पोरीने आपणहून तोंड फिरवून दूध ओढायला सुरुवात केली होती. गर्भजलाचा वास बाळाला ओळखीचा असतो आणि आईच्या छातीकडे वळायला तो मदत करतो, आणि आंघोळीत तो धुऊन जातो, असं मानतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या एका रुग्णालयाने आंघोळ किमान बारा तास पुढे ढकलली, तेव्हा रुग्णालयात असेपर्यंत निव्वळ आईच्या दुधावर राहिलेल्या बाळांचं प्रमाण ५९.८ वरून ६८.२ टक्क्यांवर गेलं, असा त्यांचा २०१९ चा अहवाल आहे. ती आधीची आणि नंतरची तुलना आहे, त्यामुळे सगळं श्रेय आंघोळीला देता येत नाही. पण मला त्यात नवल वाटत नाही.

आजींचा स्वभाव असा की एकदा पटलं की त्या प्रचाराला लागणार. दुपारी त्या शेजारच्या खाटेशी गेल्या आणि त्या मुलीला फैलावर घेतलं. "हट्ट करून चुकलीस बघ, बाई. एवढ्याशा जिवाला भिजवायचं असतं का? आमच्या पोरीचं नुसतं पुसलं तर केवढं गार पडलं. सिस्टर, ह्याचंही बघा हो तापमान." मी बघितलं. ३६.९. "तरीपण," आजी म्हणाल्या.

"हो आजी, चुकलंच माझं," ती मुलगी म्हणाली.

हे ऐकणं मला सकाळच्या वशिल्याच्या आरोपापेक्षा जड गेलं. ड्यूटी संपायच्या आधी पडदा ओढून तिच्या बाळाला बघायला गेले तेव्हा मी हळूच म्हणाले, की आज तुम्हाला उगाच ऐकून घ्यावं लागलं. ती म्हणाली, "ओरडा परवडला, सिस्टर."

मुलीची आंघोळ दुसऱ्या दिवशी, चोवीस तास उलटून गेल्यावर झाली. दुपट्यात गुंडाळूनच कोमट पाण्यात धरली, रडलीही नाही. आजींनी पाण्यात स्वतःचं कोपर घालून बघितलं, मगच परवानगी दिली.

इन्चार्ज सिस्टरशी मी त्याच आठवड्यात बोलले. ज्या बाळांना लवकर धुवायचं असतं त्यांचं सगळं आता लेबर रूमच्या बाजूच्या खोलीतच उरकतो, बाळ स्थिर झाल्यावर, पण वॉर्डात आणायच्या आधी. वॉर्डातल्या बेसिनवर फक्त दुसऱ्या दिवशीच्या आंघोळी. तरी धुतलेले केस कोणत्याही आजीच्या नजरेतून सुटायचे नाहीत अशी शंका एका सहकारी सिस्टरने काढलीच. पण टोपी आमच्याकडे सगळ्याच बाळांना असते.